पिठाचा कोंबडा आणि सोयाबीनची वडी

अहिंसा हा परमार्गाचा पाया होय, हे या पानांच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात आपल्या अनुयायांस जो आचार लावून दिला, त्यात मोठ्या प्राण्यांच्या हिंसेचा निषेध तर आहेच. परंतु पायाखालच्या मुंगीच्या संसाराचीही चिंता आहे. त्यामुळे मांस खावे की न खावे, हा प्रश्न आपल्यापुरता सातशे वर्षांपूर्वीच सुटला. तथापि आचाराचे प्रश्न काळाबरोबर नवे रूप धारण करून पुन्हा दारी येतात. आज दारी आलेला प्रश्न असा की, जे मांस नाही, परंतु मांसासारखे दिसते, दाताखाली मांसासारखे लागते आणि कित्येकदा नावही मांसाचेच मिरविते, ते अन्न सद्भक्ताने खावे काय?

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तर्कापुरता नाही. २०२३ साली जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलले. परंतु येथील काळ्या शेळीची जात आजही उस्मानाबादी याच नावाने देशभर ओळखली जाते, आणि ती मुख्यतः मांसासाठीच पाळली जाते. आखाडातील जेवणे, नवसाची कंदुरी, मुलाचे जावळ, पाहुण्यांचा मान, या सर्वांशी या भागात मांसाचे ताट जोडले गेलेले आहे. पूर्वी ते वर्षातून काही वेळा वाढले जाई. आता पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोंच्या आसपास वाढविलेली ब्रॉयलर कोंबडी गावोगावच्या दुकानांत मिळू लागल्यापासून कित्येक घरांत रविवार म्हणजे कोंबडीचा वार होऊन बसला आहे.

आपल्या पंथात उपदेश घेणारी अनेक माणसे अशाच शेतकरी व कष्टकरी कुळांतून येतात. उपदेश एक जण घेतो. चूल मात्र सर्वांची असते. सासऱ्याने नियम घेतला, सुनेचे माहेर मांस खाणारे, मुलगा तालुक्याच्या गावी धाब्यावर जेवणारा, नातवंडांस रविवारची सवय, असे घर या जिल्ह्यात शोधावयास दूर जावे लागत नाही. अशा घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईची जी ओढाताण होते, तिचा विचार शास्त्रचर्चेत क्वचितच होतो. तीच एके दिवशी किराणा दुकानातून सोयाबीनच्या वड्यांची पुडी आणते. वड्या मिठाच्या पाण्यात उकळून फुगविते, दाबून पाणी काढते म्हणजे त्यांचा उग्र वास जातो, आणि मग कांदा, खोबरे, आले, लसूण व काळे तिखट घालून जसा कोंबडीचा रस्सा करीत असे तसाच करून वाढते. मुले म्हणतात, “अगदी कोंबडीसारखे लागते!” म्हातारा मात्र हातातला घास ताटात ठेवतो. नियम मोडला तर नाही ना, ही त्याची शंका. तिचे समाधान करणे हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने व वीस टक्के तेल असते. तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरते त्यात पाणी मिसळून ते यंत्रात मोठ्या उष्णतेने व दाबाने रेटले जाते. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताच ते फुगते, त्यात तंतू व पोकळ्या निर्माण होतात, तीच वडी. वाळलेल्या वडीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. तिच्यात कोणत्याही प्राण्याचा अंश नाही. हे पीकही आपल्यास परके राहिलेले नाही. १९६० नंतरच्या दशकात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सोयाबीनचे प्रयोग केले. पुढे मध्यप्रदेशातून ते पसरत गेले, आणि आज धाराशिव-लातूर भागातील खरिपाचे ते मुख्य पीक आहे. अर्थात ज्या दाण्याविषयी शंका, तो शंका घेणाऱ्याच्याच शेतात पिकलेला असण्याचा संभव आहे.

अलीकडे याच्याही पुढची पायरी आली आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील बाभळगावच्या घराण्यातील अभिनेते रितेश देशमुख व त्यांच्या पत्नी जेनेलिया यांनी स्वतः मांसाहार सोडल्यानंतर २०२१ साली ‘इमॅजिन मीट्स’ नावाने वनस्पतिजन्य ‘मांसा’चे पदार्थ विक्रीस आणले. तेव्हा कोंबडीवाचून कोंबडी ही कल्पना आता मराठवाड्याच्या उंबऱ्याशी आलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पूर्वपक्ष मांडतो. या अन्नावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ज्याची हिंसा निषिद्ध त्याची प्रतिमा करून खाणे ही मनाने केलेली हिंसाच होय. दुसरा असा की, हिंसा नसली तरी जिभेची जुनी चटक तशीच राहते. मग सोडले ते काय?

पहिल्या आक्षेपास मोठा प्राचीन आधार आहे, आणि तो जैन वाङ्मयात आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आपल्या जिल्ह्यातच आहे. आणि उमरग्याच्या पलीकडे कलबुर्गी जिल्ह्यात मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आहे, जेथे दहाव्या शतकात पुष्पदंत कवीने ‘जसहरचरिउ’ रचले. हीच कथा सोमदेवाने ९५९ साली संस्कृतात व जन्नाने १२०९ साली कन्नडात सांगितली. कथा यशोधर राजाची. राजाला अशुभ स्वप्नाच्या निमित्ताने देवीपुढे पशुबळी द्यावा असा आईचा आग्रह होतो. राजा जीव मारण्यास नकार देतो. तेव्हा तडजोड निघते: कणकेचा कोंबडा करावा आणि तो देवीपुढे कापावा. राजा तसे करतो. पुढे राणीकडून विषप्रयोग होऊन मायलेक मरतात, आणि त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी मोर, मासा, बकरा, कोंबडा अशा योनींतून जन्मोजन्मी मारले जातात. जीव एकही गेला नव्हता. तरी कथाकारांनी एवढे मोठे फळ सांगितले.

आक्षेप घेणारे म्हणतात की, पिठाचा कोंबडा कापल्याचे हे फळ, तर पिठाची कोंबडी रांधून खाण्याचे काय असेल?

आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु कथेचा मर्मबिंदू पीठ नव्हे, संकल्प होय. यशोधराने शस्त्र उचलले ते ‘मी कोंबडा मारीत आहे आणि देवतेने तो मारलेला मानून घ्यावा’ या भावनेने. तेथे पीठ हे जिवाच्या जागी बसविले, ते वध व्हावा म्हणून. समोर खरा कोंबडा असता तर जी क्रिया झाली असती तीच क्रिया, त्याच हेतूने, त्याच देवतेपुढे झाली. केवळ द्रव्य बदलले. सोयाबीनची वडी रांधणारी बाई याच्या नेमके उलट करीत असते. तिनेही पीठ जिवाच्या जागी ठेवले, पण ते वध टळावा म्हणून. तिच्या मनातील संकल्प ‘कोंबडी मारली’ असा नसून ‘आज कोंबडी मारावी लागली नाही’ असा असतो. आकार एक, संकल्प परस्परविरुद्ध. न्यायाच्या दृष्टीने पाहता, दोरीला साप समजून काठी हाणणारा आणि सापाला टाळण्यासाठी दोरीवरून पाऊल उचलणारा, या दोघांच्या डोळ्यांपुढे एकच आकृती असली तरी कर्म एक नव्हे.

हेच तारतम्य बळीच्या बदली अर्पणासही लावले पाहिजे. ठिकठिकाणी बकऱ्याऐवजी कोहळा कापतात. त्यामुळे एक जीव वाचतो, हे निःसंशय चांगले. परंतु देवतेला रक्त हवे असते आणि कोहळ्यावर तिची समजूत काढावयाची आहे, ही कल्पना तशीच राहते. आपल्या मार्गात ती कल्पनाच नाही. म्हणून सद्भक्ताने कंदुरीच्या जागी वड्यांचा नैवेद्य करून ‘आमचीही कंदुरी झाली’ असे म्हणू नये. तेथे मात्र वडी पिठाच्या कोंबड्याच्या जवळ जाते. रविवारच्या ताटातील वडी आणि नवसाच्या ताटातील वडी एकाच पुडीतून आलेल्या असल्या तरी त्यांचा निवाडा एक होत नाही.

येथवर पहिला आक्षेप निवारला. दुसरा अधिक खोल आहे आणि त्याला आपण तितक्या सहजपणे बाजूस सारू शकत नाही. भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकोणसाठाव्या श्लोकात असे निरूपिले आहे की, आहार सोडणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. आणि ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. तिसऱ्या अध्यायात, हातपाय आवरून मनाने विषय आठवीत बसणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. या दोन वचनांपुढे सोयाबीनची वडी ठेवली तर काय दिसते? जीव वाचला, गोडी उरली. वडी गोडी घालवीत नाही. उलट तिची आठवण जागी ठेवते. हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. गोडी उरते म्हणून वडी वाईट, असे म्हणणाऱ्याने गीतेचा क्रमच उलटा केला. तेथे विषय आधी सुटतात, गोडी नंतर जाते. गोडी जाईपर्यंत विषय चालू ठेवा असे कोठेही सांगितलेले नाही. जिवाचा हिशेब आणि जिभेचा हिशेब ही दोन खाती आहेत. एका खात्यातील जमा दुसऱ्यात मांडता येत नाही. पण एका खात्यात बाकी निघते म्हणून दुसऱ्यातील जमाही खोडता येत नाही. ज्या घरी दर रविवारी एक कोंबडी कापली जात होती, तेथे वर्षाकाठी बावन्न जीव जात होते. त्या घरात वडी आली तर हे बावन्न जीव वाचले. गोडी गेली की नाही, हे त्या बावन्न जिवांच्या दृष्टीने गौण आहे.

याला लीळाचरित्रातील सशाची लीळा उत्तम साक्ष आहे. पारधी आणि कुत्री मागे लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. पारधी तो मागू लागले. स्वामींनी त्यांस, तो शरण आला आहे असे सांगून समजाविले आणि ससा वाचविला. या लीळेतील क्रम ध्यानात घ्यावा. पारध्यांच्या मनातील शिकारीची हौस मुळासकट जाईपर्यंत ससा तसाच उघड्यावर राहिला नाही. आधी आश्रय, मग उपदेश. आणि उपदेश केला तोही धिक्कारून नव्हे. जिवाच्या रक्षणाला मनाच्या शुद्धीची वाट पाहावी लागत नाही, असाच या लीळेचा बोध मी घेतो.

गोडीविषयीही एक गोष्ट प्रथमच वडी खाणाऱ्यांच्या अनुभवास येते, आणि ती विचार करण्याजोगी आहे. पहिल्या घासाला ते म्हणतात, “कोंबडीसारखे लागते.” चार घासांनंतर म्हणतात, “नाही, तशी चव नाही. पण रस्सा झकास झाला आहे.” म्हणजे ज्या चवीचा मोह म्हणून इतकी वर्षे मांस सुटत नव्हते, तिचा बराचसा भाग काळ्या तिखटात, भाजलेल्या खोबऱ्यात, गरम भाकरीत आणि सर्वांनी एकत्र बसून जेवण्यात होता. बाजारातील ‘चिकन मसाला’ म्हणविणाऱ्या पुडीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. नाव कोंबडीचे, आत धने, मिरची, लवंग, दालचिनी. आपल्या वडीलधाऱ्या बाया हे जाणून होत्या. त्यांची पाटवडी त्याच झणझणीत रश्शात पोहते, पण ती कोणाचे सोंग घेत नाही. गोडीची अशी फोड करून पाहणे हाही एक विवेकच होय. ज्याला आपण एक मोठी वासना समजत होतो ती पाच-सहा लहान सवयींची मोळी होती, असे कळले म्हणजे ती सोडविणे सोपे जाते.

परदेशांतील इतिहासही हेच सांगतो. चीनमध्ये बौद्ध मठांतून गव्हाच्या चिकापासून व सोयाबीनच्या पनीरापासून मांसासारखे पदार्थ करण्याची जुनी परंपरा आहे; मांस खाणाऱ्या गृहस्थ पाहुण्यांस मठाच्या पंगतीत परके वाटू नये, हाही तिचा उपयोग. दहाव्या शतकातील थाव गू याच्या ग्रंथात एका काटकसरी अधिकाऱ्याची हकीकत आहे. तो मांस न घेता रोज सोयाबीनच्या पनीराचे तुकडे खाई, म्हणून तेथील लोक त्या पनीरालाच ‘लहान मेंढा’ म्हणू लागले. नाव मांसाचे राहिले. खाणाऱ्याला मात्र त्यात मेंढा दिसला असेल, असे वाटत नाही.

आता एक गोष्ट येथील शेतकरी वासनिकांपुढे मुद्दाम ठेवितो. सोयाबीनचे तेल काढल्यावर जी पेंड उरते तिचा फार मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणजे कळंब-वाशीच्या रानात पिकलेल्या त्याच दाण्याला दोन वाटा आहेत. एका वाटेने तो खुराड्यातून जातो, कोंबडीच्या देहात मुरतो, आणि तिच्या गळ्यावर सुरी फिरल्यानंतर माणसाच्या ताटात येतो. दुसऱ्या वाटेने तो सरळ ताटात येतो. पहिल्या वाटेत दाणाही अधिक लागतो, कारण कोंबडी जे खाते त्याचे सारेच मांस होत नाही. आणि जीव जातो तो वेगळाच. आपले पीक विकून शेतकऱ्याने हिंसा केली असे मी म्हणत नाही. बाजारात गेलेला दाणा पुढे कोठे जाईल हे त्याच्या हाती नाही. पण आपल्या घरच्या चुलीपुरती वाट निवडणे त्याच्या हाती आहे.

एवढे बोलून झाल्यावर निर्णय अधिकारपरत्वे सांगतो. जो नुकताच उपदेशी झाला आहे, किंवा ज्याच्या घरची माणसे अद्याप मांस खातात, त्याने ही वडी निःशंकपणे घ्यावी व घरच्यांस वाढावी. तिने नियम मोडत नाही. शंका वाटल्यास पुडीवरील हिरवा ठिपका पाहावा, भांडी स्वच्छ व वेगळी ठेवावी, म्हणजे झाले. जो बरीच वर्षे नियमात आहे त्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा: आज वडी मिळाली नाही, तर मला काय वाटेल? पिठल्याने तितकेच समाधान होत असेल तर वडी हे त्याचे अन्न आहे. परंतु तिच्यावाचून जेवण गोड लागत नसेल, किंवा ‘हुबेहूब लागावे’ म्हणून अधिकाधिक महागड्या पुड्यांच्या शोधात तो असेल, तर त्याने समजावे की कोंबडी सुटली आणि वडीने धरले. बंधनाचे द्रव्य बदलले, बंधन राहिले.

भिक्षुकास तर हा प्रश्न पडूच नये. त्याने भिक्षेत जे शुद्ध अन्न येईल ते निरिच्छपणे घ्यावे; वडी आली म्हणून हर्ष नको, आणि रूप मांसासारखे म्हणून किळसही नको. किळस हीदेखील जिभेचीच खोड होय. तिला वैराग्य समजू नये. मात्र वाढणाऱ्याने भिक्षुकास पदार्थाचे नाव स्पष्ट सांगावे. रश्शात बुडालेली वडी पाहून साधूच्या मनात विकल्प उठला तर त्याचा दोष न सांगणाऱ्याकडे जातो.

शेवटी एक विनंती ज्येष्ठांस. ज्या बाईने घरातील कोणाचे मन न मोडता रविवारची सुरी थांबविली, तिच्या ताटाकडे बोट दाखवून ‘हे तर सोंग आहे’ असे म्हणणे फार सोपे आहे. ते शब्द ऐकून घरातील तरुण म्हणेल, “सोंगच असेल तर खरेच का खाऊ नये?” आणि पुढच्या रविवारी कोंबडी परत येईल. आपल्या एका शास्त्रशुद्ध वाक्याने एक जीव जाईल. अशा वेळी आधी म्हणावे, “बाई, उत्तम केलेस.” गोडी कशी जाते, हे पुढे निरूपणात सांगता येईल, त्यासाठी उभे आयुष्य आहे. कोंबडीला तेवढा अवकाश नसतो.

दंडवत प्रणाम.